ग्रंथालयाने वाचकाला काय विचारू नये

सार्वजनिक ग्रंथालयांच्या बाजूने कोणी बोलू लागले की थोड्याच वेळात ते बोलणे वाचनाच्या महतीकडे वळते. वाचनाने माणूस बहुश्रुत होतो, मुलांची भाषा सुधारते, विचाराला खोली येते, हे सगळे खरे असले तरी त्यावरून सार्वजनिक ग्रंथालयाची गरज सिद्ध होत नाही. कारण विकत घेतलेले पुस्तकही वाचता येते, मित्राकडून मागून आणलेलेही वाचता येते आणि आता हातातल्या मोबाइलवरही वाचता येते. अर्थसंकल्पात काटछाट करायला बसलेला अधिकारी नेमके हेच विचारतो, की ज्यांना वाचायचे आहे ते कुठेही वाचतील, मग इमारत, कर्मचारी आणि पुस्तके यांचा खर्च सर्वांच्या करातून का उचलायचा? या प्रश्नाला वाचनाची स्तुती हे उत्तर होऊ शकत नाही. सार्वजनिक ग्रंथालय असे काय करते जे दुसरी कोणतीच संस्था करत नाही, हे नेमकेपणाने सांगावे लागते.

माझ्या मते ते असे आहे: सार्वजनिक ग्रंथालय येणाऱ्याला कारण विचारत नाही. दवाखान्यात जायला दुखणे लागते, शाळेत जायला वय आणि इयत्ता लागते, न्यायालयात जायला तंटा लागतो आणि दुकानात फार वेळ थांबायचे तर काहीतरी विकत घेण्याची तयारी लागते. ग्रंथालयात मात्र कोणीही नुसता आत येऊ शकतो, कपाटातून मनाला येईल ते पुस्तक काढून दिवसभर बसू शकतो, आणि उठून जाताना आपण काय वाचले, कशासाठी वाचले आणि त्यातून काय हाती लागले याचा हिशेब त्याला कोणापुढेही मांडावा लागत नाही. हे ऐकायला साधे वाटते. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ग्रंथालयाच्या दारात उभे असलेले प्रश्न एकेक करून हटवावे लागले आहेत आणि प्रत्येक वेळी त्यासाठी भांडावे लागले आहे. त्यांपैकी काही प्रश्न आता वेगळ्या वेषात परत येत आहेत, ही माझ्या चिंतेची बाब आहे.

सर्वांत जुना प्रश्न पैशाचा. बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी १७३१ मध्ये फिलाडेल्फियात जे ग्रंथालय काढले ते वर्गणीवर चालणारे होते: प्रवेशाच्या वेळी चाळीस शिलिंग आणि पुढे दरवर्षी दहा शिलिंग. एकट्याला न परवडणारी पुस्तके पन्नास जणांनी मिळून घ्यावीत ही कल्पना त्या काळात मोठीच होती, पण ज्याच्याकडे ते शिलिंग नव्हते त्याच्यासाठी ती नव्हती. सर्वांच्या करातून सर्वांसाठी ग्रंथालय हे तत्त्व कायद्यात यायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली. ब्रिटनमध्ये १८५० साली पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला तेव्हा संसदेत त्याला कडाडून विरोध झाला. कामगार एकत्र जमतील, चळवळीची भाषणे ऐकतील, ही भीती उघडपणे बोलून दाखवली गेली. जो कायदा संमत झाला तो इतका कुरतडलेला होता, की दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांनाच तो लागू होता, त्यासाठीही करदात्यांच्या मतदानात दोन तृतीयांश पाठिंबा लागे, कर पौंडामागे अर्ध्या पेनीच्या वर नेता येत नसे, आणि सर्वांत चमत्कारिक अट म्हणजे त्या करातून पुस्तके विकत घेता येत नसत. इमारत बांधा, दिवाबत्ती करा, पुस्तके मात्र कोणीतरी दान देईल अशी अपेक्षा होती. पाच वर्षांनी, १८५५ मध्ये, कराची मर्यादा एक पेनी झाली आणि त्यातून पुस्तके घेण्याची मुभा मिळाली. त्या कायद्यामागे ज्यांचे कष्ट होते त्यांपैकी एडवर्ड एडवर्ड्‌स हा गवंड्याचा मुलगा होता. १८५२ मध्ये उघडलेल्या मँचेस्टरच्या विनामूल्य ग्रंथालयाचा तो पहिला ग्रंथपाल झाला, आणि पुढे समितीशी खटके उडून त्याला ते पद सोडावे लागले.

आजही अधूनमधून असे सुचवले जाते, की ग्रंथालयाने नाममात्र शुल्क घ्यावे, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीची लोकांना किंमत नसते. हा युक्तिवाद मला मुळातच चुकीचा वाटतो. शुल्क कितीही थोडे असले तरी ते वाचकाला आधीच ठरवायला लावते, की समोरचे पुस्तक त्या पैशाच्या मोलाचे आहे की नाही. आणि न वाचलेल्या पुस्तकाबद्दल हे ठरवणे कोणालाच शक्य नसते. जे आपल्याला आवडेल याची खात्री असते तेवढेच मग माणूस घेतो. लहान मुलाच्या बाबतीत तर त्या नाममात्र रकमेचा अर्थ आणखी वेगळा होतो, कारण त्याला ती घरात कोणाकडे तरी मागावी लागते, म्हणजे पुस्तक वाचण्याआधी परवानगी घ्यावी लागते. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या १८९५ च्या इमारतीवर, प्रवेशद्वाराच्या वर, ‘सर्वांसाठी विनामूल्य’ अशा अर्थाचे शब्द दगडात कोरलेले आहेत. ते उपकाराचे शब्द नाहीत. प्रत्येकाने कर आपल्या ऐपतीनुसार भरावा आणि वापर आपल्या गरजेनुसार करावा, असा तो करार आहे.

इथे दानशूरांविषयीही बोलले पाहिजे, कारण सरकारने हात आखडता घेतला की सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळतात. अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून १८८३ ते १९२९ या काळात जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. ती टिकली त्याचे श्रेय मी त्याच्या औदार्याइतकेच त्याने घातलेल्या अटीला देतो: जागा गावाने द्यायची आणि बांधकामासाठी जेवढी रक्कम मिळाली तिच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी आपल्या तिजोरीतून ग्रंथालय चालवण्यावर खर्च करायची. पायाभरणीला देणगीदार मिळतो, पण बाराव्या वर्षी गळणारे छप्पर आणि ग्रंथपालाचा पगार यांसाठी तो मिळत नाही, हे त्या व्यवहारी उद्योगपतीने ओळखले होते. स्वतंत्र भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४८ मध्ये मद्रास प्रांतात झाला आणि त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला गेला, त्यामागचा विचारही हाच होता.

दुसरा प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो: ‘काय हवे आहे?’ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत वाचकाला कपाटांपर्यंत जाताच येत नसे. छापील ग्रंथसूचीत पुस्तकाचा क्रमांक शोधायचा, समोरच्या मोठ्या फलकावर त्या क्रमांकाच्या पट्टीचा रंग पाहून पुस्तक आत आहे की कोणी नेले आहे हे समजून घ्यायचे, आणि मग खिडकीपाशी जाऊन ते मागायचे, असा सगळा रिवाज होता. या व्यवस्थेत ज्याला आपल्याला काय हवे आहे हे आधीच ठाऊक आहे त्याचीच सोय होते. ज्याला ते ठाऊक नाही त्याला खिडकीपाशी सांगण्यासारखे काही नसते, आणि खरे तर ग्रंथालयाची सर्वांत जास्त गरज त्यालाच असते. १८९४ मध्ये लंडनच्या क्लार्कनवेल भागात जेम्स डफ ब्राउन या ग्रंथपालाने कपाटे वाचकांसाठी खुली केली. वाचक एका लहान दारातून आत जाई, स्वतः पुस्तके चाळी, आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडताना त्याच्या पुस्तकाची नोंद होई. पुस्तके चोरीला जातील, कपाटांचा क्रम विसकटेल, अशी ओरड त्या वेळच्या ग्रंथपालांनीच केली.

पुस्तके थोडीफार जातात आणि क्रमही विसकटतो, हे मान्य करावे लागते. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी ते मान्य करूनच मुक्तप्रवेशाचा आग्रह धरला. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली त्यांतले ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हे पहिले सूत्र सर्वांच्या तोंडी असते. मला मात्र तिसरे अधिक महत्त्वाचे वाटते, ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’. दुसरे सूत्र, ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’, वाचकाच्या बाजूने बोलते आणि ते खिडकीतूनही कसेबसे पाळता येईल. तिसरे सूत्र पुस्तकाच्या बाजूने बोलते: कोणीही मागितले नसलेले, कोणाला नावही ठाऊक नसलेले पुस्तक आपल्या वाचकाला भेटायचे असेल तर तो वाचक त्या कपाटासमोरून गेला पाहिजे. विषयवार वर्गीकरणाचे सारे कष्ट याचसाठी असतात. माझ्या आयुष्याला वळण देणारी जी चार-सहा पुस्तके असतील त्यांपैकी एकही मी मागून घेतलेले नव्हते. मला हवे असलेले पुस्तक जागेवर नव्हते म्हणून मी त्याच्या शेजारचे उचलले होते. मागील वाचनावरून पुढचे पुस्तक सुचवणाऱ्या संगणकीय यंत्रणा आज सर्वत्र आहेत आणि त्या उपयोगीही आहेत, पण त्या माणसाला तो काल जसा होता तसाच धरून चालतात. कपाटाला त्याच्याविषयी काहीच माहीत नसते, आणि त्यामुळेच ते त्याच्यासमोर काहीही ठेवू शकते.

तिसरा प्रश्न, ‘आपण कोण?’ २१ ऑगस्ट १९३९ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया शहरात पाच कृष्णवर्णीय तरुण एकामागून एक सार्वजनिक ग्रंथालयात गेले. प्रत्येकाने सभासदपत्र मागितले, प्रत्येकाला नकार मिळाला, आणि नकार मिळाल्यावर प्रत्येक जण कपाटातून एक पुस्तक काढून वेगवेगळ्या टेबलांवर शांतपणे वाचत बसला. पोलिसांनी त्यांना अटक केली. सॅम्युअल टकर या तरुण वकिलाने आखलेल्या या सत्याग्रहानंतर शहराने काय केले, तर पुढच्या वर्षी कृष्णवर्णीयांसाठी वेगळी, छोटी शाखा बांधून दिली. ज्या ग्रंथालयाला सगळ्यांच्या करातून पैसा मिळत होता त्याचे दार तरीही बंदच राहिले. वाचत बसणे हाच गुन्हा ठरावा असा तो प्रसंग होता, आणि विशेष म्हणजे त्याच वर्षी अमेरिकन ग्रंथालय संघटनेने ग्रंथालयीन हक्कांची आपली सनद स्वीकारली होती. सनद असणे आणि दार उघडे असणे यांत किती अंतर राहू शकते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

आता असा उघड नकार बहुतेक ठिकाणी कायद्याने अशक्य झाला आहे, पण ओळखीचा प्रश्न संपलेला नाही. तो अर्जाच्या नमुन्यात जाऊन बसला आहे. पत्त्याचा पुरावा, जामीनदार सभासदाची सही, अनामत रक्कम, या प्रत्येक रकान्याला स्वतंत्रपणे पाहिले तर कारण आहे, पण सगळे मिळून ते नेमके अशांना बाहेर ठेवतात ज्यांचे घर भाड्याचे आहे, जे कामासाठी दुसऱ्या गावातून आले आहेत, किंवा ज्यांच्या ओळखीत एकही सभासद नाही. ग्रंथालयात बसून वाचण्यासाठी कोणतीही ओळख विचारली जाऊ नये आणि पुस्तक घरी नेण्यासाठी कमीत कमी विचारली जावी, असे माझे मत आहे. काही पुस्तके परत येणार नाहीत, आणि तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

विलंब शुल्काची गोष्टही याच जातीची आहे. दंडाच्या धाकाने पुस्तके वेळेवर परत येतात, अशी आपली पक्की समजूत असते. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये विलंब शुल्क रद्द करून जुनी थकबाकी माफ केली तेव्हा वर्षानुवर्षे घरात पडून राहिलेली पुस्तके घेऊन लोक परत येऊ लागले. न्यूयॉर्क शहराच्या ग्रंथालयांनी २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. ज्याला दंड सहज भरता येतो त्याला त्याचा धाक नसतो, आणि ज्याला तो भरता येत नाही तो पुस्तकासकट स्वतःही ग्रंथालयापासून दूर राहतो. एखाद्या मुलाने एक पुस्तक हरवले आणि त्या भीतीने ते पुन्हा कधी ग्रंथालयाची पायरी चढले नाही, तर त्या ग्रंथालयाने एका प्रतीच्या किमतीसाठी एक वाचक घालवला असे म्हणावे लागेल.

चौथा प्रश्न थेट विचारला जात नाही, तो नोंदींतून विचारला जातो: ‘हे का वाचता?’ आपल्या आजाराची माहिती शोधणारा माणूस, घरात मारहाण सोसणारी आणि कायदा समजून घेऊ पाहणारी स्त्री, ज्या श्रद्धेत वाढला तिच्याविषयी शंका पडलेला तरुण, यांना पुस्तकाइतकीच गुप्ततेची गरज असते. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यानंतर झालेल्या कायद्यांनी तपासयंत्रणांना ग्रंथालयांच्या नोंदी मागण्याची वाट मोकळी केली. २००५ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या चार ग्रंथपालांकडे अशी मागणी आली आणि तिच्याविषयी कोणाकडे बोलायचेही नाही असे त्यांना बजावण्यात आले. ते न्यायालयात गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्यावरची तोंडबंदी उठली. अनेक ग्रंथालयांनी त्या काळात याहून साधा आणि अधिक खात्रीचा उपाय योजला: पुस्तक परत आले की ते कोणी नेले होते ही नोंदच पुसून टाकायची. जे लिहून ठेवलेलेच नाही ते कोणालाही देता येत नाही. संगणकीकरण करताना ही सोय मुळातच असावी असा आग्रह प्रत्येक ग्रंथालयाने धरायला हवा, कारण नंतर ती मागितली तर मिळेलच असे नाही.

आता मोबाइलच्या आक्षेपाकडे येतो. सगळे ज्ञान इंटरनेटवर आहे, मग ग्रंथालय कशाला, असे विचारणाऱ्याने वर सांगितलेले चार प्रश्न पुन्हा आठवून पाहावेत. पैसे आहेत का, काय हवे आहे, आपण कोण आणि हे का पाहता, हे चारही प्रश्न इंटरनेट एकाच वेळी विचारते, आणि शेवटच्या दोहोंची उत्तरे आपल्या नकळत नोंदवून घेते. शोधाच्या चौकटीत काय लिहायचे हे ज्याला सुचत नाही त्याच्यासाठी तर ती चौकट म्हणजे जुनी खिडकीच आहे. मी इंटरनेटच्या विरोधात नाही. घरी ते नसलेल्यांना ते मिळण्याची जागा बहुतेक ठिकाणी ग्रंथालयच असते. पण ज्या संस्थेने हे प्रश्न दारातून हटवले तिची जागा हे प्रश्न विचारणारे साधन घेऊ शकेल, हे मला पटत नाही.

याहून गंभीर गोष्ट ई-पुस्तकांच्या बाबतीत घडते आहे आणि तिच्याकडे वाचकांचे पुरेसे लक्ष नाही. छापील पुस्तक विकत घेतले की ते ग्रंथालयाचे होते. ते किती जणांना द्यायचे, किती वर्षे ठेवायचे, हे ग्रंथालय ठरवते, आणि त्यासाठी प्रकाशकाची परवानगी लागत नाही. ई-पुस्तक ग्रंथालय सहसा विकत घेत नाही, त्याचा परवाना घेते. २०११ मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने अशी अट घातली, की ग्रंथालयाला दिलेले ई-पुस्तक २६ वेळा वाचकांना दिले गेले की ते संपले, पुढे हवे असेल तर पुन्हा पैसे भरा. त्यानंतर ठरावीक मुदतीचे परवाने सर्रास झाले. म्हणजे ग्रंथालयाचा संग्रह हा संग्रह राहत नाही, ते भाड्याचे घर होते, आणि ज्या वर्षी निधी कमी पडेल त्या वर्षी मागची पुस्तकेही नाहीशी होतात. रंगनाथन यांचे पाचवे सूत्र ग्रंथालयाला वर्धिष्णू संस्था म्हणते; जिथे काहीच साठत नाही तिथे वाढ कशी होणार? डिजिटल प्रत योग्य किमतीला कायमची विकत घेण्याचा आणि एका वेळी एका वाचकाला ती देण्याचा हक्क ग्रंथालयांना कायद्याने मिळायला हवा.

यावर लेखकांच्या पोटाचे काय, असे विचारले जाते आणि तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र जुनेच आहे. डेन्मार्कने १९४६ मध्ये ग्रंथालयांतून वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांसाठी लेखकांना सार्वजनिक निधीतून मोबदला देण्याची पद्धत सुरू केली, ब्रिटनने १९७९ मध्ये तसा कायदा केला, आणि आज अनेक देशांत ती चालू आहे. लेखकाला पैसे मिळतात आणि ते देताना वाचकाला अडवले जात नाही. लेखक आणि वाचक यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची गरज यात कुठेच पडत नाही.

काही विचारायचे नाही म्हणजे ग्रंथालयात काहीही चालावे, असा याचा अर्थ नव्हे. निवड करावीच लागते, कारण जागा आणि पैसा दोन्ही मोजके असतात. पण निवडीच्या वेळी प्रश्न पुस्तकाला विचारायचे असतात. आणि ग्रंथपालाने विचारलेला एक प्रश्न असा आहे ज्याच्यावाचून ग्रंथालय चालत नाही. गोंधळलेला वाचक समोर आला की ‘नेमके काय शोधता आहात?’ असे तो आपुलकीने विचारतो आणि दोन-तीन उत्तरांतून त्याला योग्य कपाटापर्यंत नेतो. मदतीसाठी विचारणे आणि परवानगीसाठी विचारणे यांतला फरक प्रशिक्षित ग्रंथपालाला कळतो; म्हणून त्याच्या जागी तात्पुरता, तुटपुंज्या मानधनावरचा माणूस बसवणे ही बचत नसून ग्रंथालयाचा अर्धा उपयोग काढून घेणे आहे.

उपयोग मोजायचा कसा, हाही वाद त्यातूनच निघतो. दिलेल्या पुस्तकांची संख्या आणि दारातून आत येणाऱ्यांची संख्या मोजणे सोपे असल्यामुळे तेवढेच मोजले जाते. हेलसिंकीत संसदेसमोर २०१८ मध्ये उघडलेल्या ओदी ग्रंथालयात पुस्तकांबरोबर शिवणयंत्रे आहेत, त्रिमितीय मुद्रणयंत्रे आहेत, बैठकीच्या खोल्या आहेत. तिथे तासभर नुसता बसून गेलेला माणूस कोणत्या रकान्यात लिहायचा? सार्वजनिक पैशाचा हिशेब मागू नये असे मी म्हणत नाही. पण हिशेब मागायचाच तर तो न येणाऱ्यांचा मागावा: या वस्तीतले कोण आजवर इथे आले नाही, आणि आपला कोणता नियम त्याला अडवतो आहे? बडोद्यात सयाजीरावांच्या काळात, १९१० नंतर, ग्रंथालयांची व्यवस्था उभी राहिली तेव्हा पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव पाठवल्या गेल्या, कारण वाचक शहरापर्यंत येऊ शकत नसेल तर पुस्तकाने त्याच्यापर्यंत जायचे, असे तिथे ठरले होते. येणाऱ्यांची गणती करणाऱ्या व्यवस्थेला ही पेटी कधी सुचली नसती.

शेवटचा प्रश्न कोणी बोलून दाखवत नाही, तो दारावर लावलेल्या वेळापत्रकात असतो. ग्रंथालय बंद करण्याचा ठराव सहसा होत नाही, कारण त्यावर लोक ओरडतात. आधी सुट्टीचा दिवस जातो, मग संध्याकाळचे दोन तास जातात, एक जागा रिकामी होते आणि भरली जात नाही, आणि ग्रंथालय सकाळी अकरा ते दुपारी पाच एवढेच उघडे राहते. त्या वेळात शाळकरी मुले शाळेत असतात आणि काम करणारी माणसे कामावर असतात, म्हणजे दारातच विचारले जाते, की आपण दिवसा मोकळे असता का? वर्षाअखेरीस आकडे घसरलेले दिसतात आणि लोकच वाचत नाहीत असा शेरा लिहून पुढच्या वर्षीचा निधी कमी केला जातो. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाच्या जाहीरनाम्याने १९९४ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतंत्र कायद्याचा आधार आणि सरकारी निधी असावा असे म्हटले आहे. अशा कायद्यात निधीचा आकडा जसा लिहिला जातो तसेच आठवड्यातले किमान तास, त्यांतले संध्याकाळचे आणि सुट्टीच्या दिवसाचे तास, आणि ते चालवण्यासाठी लागणारी मंजूर पदेही लिहिली गेली पाहिजेत.